पेवाचं तोंड आणि फ्रिजचं दार: सांगलीतल्या एका स्वयंपाकघराचा अभ्यास

गावभागातल्या एका जुन्या घराचं स्वयंपाकघर मी गेल्या वर्षी तळमजल्यावरून वरच्या मजल्यावर नेलं. ओटा, सिंक, मांडण्या, दिव्यांचे पॉइंट, सगळं दोन बैठकांत ठरलं. फ्रिज कसल्या दाराचा घ्यायचा, यावर मात्र पाच आठवडे गेले. त्या पाच आठवड्यांत आम्ही काय मोजलं, कुठे फसणार होतो आणि शेवटी काय घेतलं, ते इथे सविस्तर लिहिते. स्वयंपाकघरं आखायचं काम मी अठरा वर्षं करते आहे, आणि हा प्रश्न सांगली-मिरजेतल्या जवळजवळ प्रत्येक घरात निघतो. बहुतेक वेळा तो निघेपर्यंत दुकानात पैसे भरून झालेले असतात.

घरच्यांनी लिहायला आनंदाने होकार दिला. नावं तेवढी घालू नका म्हणाले, म्हणून घातलेली नाहीत.

घर आणि माणसं

माणसं पाच. आजी ७१ वर्षांच्या, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, डाव्याचं पुढे ढकललेलं. उंची चार फूट दहा इंच. सकाळचा चहा, दूध तापवणं, विरजण, भाजी निवडणं हे सगळं आजही त्यांच्याकडे. मुलगा मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतो. सूनबाई शाळेत शिक्षिका, सकाळी सहा ते सात हा तास त्यांचा ओट्यापाशी जातो. थोरली नात सहावीत, धाकटा नातू चार वर्षांचा.

स्वयंपाकघर वर न्यायचं कारण सांगलीकरांना सांगायला नको. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट आहे. या घराच्या तळमजल्यात पुरुषभर पाणी होतं. फ्रिज म्हणजे चारी बाजूंनी फोम भरलेलं बंद खोकं, ते पाण्यात बुडत नाही, तरंगतं. पाणी ओसरल्यावर घरचे परत आले तेव्हा फ्रिज स्वयंपाकघरात नव्हताच. तो आडवा होऊन न्हाणीच्या दारात अडकला होता आणि त्याच्यामुळे न्हाणीचं दार उघडेना. पुढे २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. त्या खेपेला दुसरा फ्रिज चौघांनी मिळून जिन्याने वर नेला, पण घाईत तो भिंतीवर आदळून वरचं दार वाकलं. तेव्हापासून त्या दाराचं रबर नीट बसत नव्हतं आणि फ्रीझरमध्ये बर्फाचा थर चढत होता.

तिसऱ्या फ्रिजची वेळ आली ती अशी.

सूनबाईंचं म्हणणं

पहिल्याच बैठकीत सूनबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. "ताई, आमचं ठरलंय. कपाटासारखी दोन दारं शेजारी शेजारी उघडतात ना, तो घ्यायचा. पुण्याला बहिणीकडे तोच आहे."

त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं नाही, आणि कुणी नेऊही नये. दोन पुरांत ज्या बाईचं स्वयंपाकघर दोनदा धुऊन गेलं, तिला नव्या स्वयंपाकघरात एखादी देखणी वस्तू हवी असेल तर त्यात गैर काय? शिवाय साइड बाय साइडचे काही गुण खरेच आहेत. फ्रीझर उभा असल्याने त्यातल्या वस्तू एकावर एक रचाव्या लागत नाहीत. आणि दारं अरुंद असल्याने ती उघडताना पुढे जागा कमी लागते. चिंचोळ्या स्वयंपाकघरात, जिथे समोरासमोर दोन ओटे आहेत आणि मध्ये तीन-साडेतीन फूटच उरतात, तिथे मी स्वतः हा फ्रिज सुचवलेला आहे.

आजींचं म्हणणं अगदी वेगळं होतं. "मला वाकाय लावू नका, आणि त्याला कुलूप पाहिजे." कुलपाची गोष्ट पुढे येईल.

मुलग्याचं म्हणणं एवढंच, की पूर आला तर तो हलवायची वेळ येऊ नये.

आधी मोजमाप

नवं स्वयंपाकघर ११ फूट लांब, ८ फूट रुंद. पूर्वेच्या भिंतीला सलग ओटा, म्हणजे स्वयंपाक करणारीचं तोंड पूर्वेला. डाव्या टोकाला सिंक, मध्ये शेगडी, शेगडीच्या उजवीकडे २० इंच मोकळा ग्रॅनाइट, आणि त्याच्या उजवीकडे दक्षिणेच्या भिंतीपर्यंत ३४ इंचांची जागा फ्रिजसाठी.

सूनबाईंना आवडलेला साइड बाय साइड ३६ इंच रुंद. तो या ३४ इंचांत बसत नाही हे उघड आहे. ओटा कापून जागा वाढवता आली असती, मी तशी तयारीही ठेवली होती. पण जागेपेक्षा मोठी अडचण दारांची होती. आपल्याकडच्या साइड बाय साइडमध्ये साधारणपणे डावीकडे फ्रीझर आणि उजवीकडे फ्रिज असतो. म्हणजे इथे रोज पन्नास वेळा उघडायचं दार दक्षिणेच्या भिंतीला चिकटणार, आणि डावं दार उघडलं की ते नेमकं त्या २० इंचांच्या मोकळ्या ग्रॅनाइटपुढे आडवं येणार. मटार काढून ओट्यावर ठेवायचे तर दार बंद करून मगच ठेवायचे.

भिंतीला चिकटलेल्या दाराबद्दल मला जरा थांबून सांगायचं आहे, कारण ही चूक मी केलेली आहे. विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये मी फ्रिज कोपऱ्यात असा बसवला की बिजागरीच्या बाजूला भिंत आणि मध्ये फक्त एक इंच. दार काटकोनात उघडत होतं, मला वाटलं पुरे झालं. राहायला गेल्यावर चौथ्या दिवशी त्या ताईंचा फोन आला, भाजीचा ट्रे बाहेर निघत नाही. मी जाऊन पाहिलं. फ्रिजच्या दाराला आतून बाटल्या ठेवायचे कप्पे असतात, ते चार-पाच इंच जाड. दार काटकोनात थांबलं की हे कप्पे ट्रेच्या वाटेत येतात. ट्रे अर्धा निघतो आणि अडतो. धुवायला काढायचा तर तिरका करून, आतली भाजी बाहेर ओतून काढावा लागतो. शेवटी शेजारचं कपाट तोडून फ्रिज सरकवला, आणि त्याचा खर्च मी दिला. तेव्हापासून कुठल्याही फ्रिजची मी फक्त रुंदी बघत नाही, ट्रे पूर्ण बाहेर यायला दार किती उघडावं लागतं तेही बघते. बऱ्याच फ्रिजना काटकोनाच्या पुढे आणखी १५-२० अंश लागतात.

शेंगदाण्यांची वाटी

मी घरच्यांना एक काम दिलं. जुन्या फ्रिजवर दोन वाट्या ठेवा, शेजारी मूठभर शेंगदाणे. खालचं दार उघडलं की एका वाटीत दाणा टाका, वरचं फ्रीझरचं उघडलं की दुसऱ्या वाटीत. नातीने हे काम अंगावर घेतलं आणि रोज रात्री मोजून वहीत लिहिलं.

आठवड्याने वही पाहिली. खालचं दार रोज चाळीस ते पन्नास वेळा, रविवारी ६१. फ्रीझर रोज तीन-चार वेळा, एका दिवशी तर एकदाच. नातीने न सांगता आणखी एक गोष्ट केली होती: कोण उघडतं तेही लिहिलं होतं. निम्म्याच्या वर वेळा आजी.

आता जुना फ्रिज डोळ्यांसमोर आणा. दोन दारांचा, फ्रीझर वर. दिवसातून चारदा लागणारी गोष्ट डोळ्यांच्या पातळीवर, आणि पन्नासदा लागणारी छातीपासून घोट्यापर्यंत. भाजीचा ट्रे तर अगदी तळाशी. आजी त्याच्यासाठी खुर्ची ओढून बसत आणि मग भाजी काढत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, त्या भाजी निवडायला बसल्या आहेत. त्या नुसत्या मिरच्या काढायला बसल्या होत्या.

मग आम्ही रोजच्या भांड्यांची मापं घेतली. सायीच्या दुधाचं पातेलं, कडांसह १३ इंच. इडलीच्या पिठाचा डबा, ११ इंच. कणीक मळलेली परात, १८ इंच. उन्हाळ्यात आणि पाहुणे असले की परातीसकट आत जाते. द्राक्षांच्या दिवसांत तासगावहून नातेवाइकांची पेटी येते, ती वेगळी.

ही मापं आणि टेप घेऊन आम्ही तिघी दुकानात गेलो. सूनबाई, आजी आणि मी. आवडलेल्या साइड बाय साइडच्या आत मी टेप धरला. बाहेरून ३६ इंच. पण दोन बाजूंच्या जाड भिंती आणि मधली भिंत वजा जाता फ्रीझरला आत जेमतेम १२ इंच उरले आणि फ्रिजला १७. परात जात नव्हती. शेजारी २४ इंची, एकाखाली एक दोन दारांचा फ्रिज होता. त्याच्या आत टेप धरला तर साडेएकोणीस इंच. बाहेरून एक फूट अरुंद असलेला फ्रिज आतून अडीच इंच रुंद निघाला. सूनबाईंनी टेप माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा मोजलं.

आजी एवढा वेळ दुकानातल्या स्टुलावर बसल्या होत्या. त्यांचं माहेर हरिपूरचं. हरिपूरच्या जमिनीत हळद साठवायची पेवं होती, खोल खड्डे, वर माणूस उतरेल एवढंच तोंड आणि खाली ऐसपैस पोट. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे, आतली हवा निवळायची वाट बघत. २००५च्या महापुरात त्यातली कितीतरी पेवं पाण्याने गेली. आजींच्या वडिलांची दोन पेवं होती. त्या म्हणाल्या, "पेवाचं पोट किती का मोठं असेना, माल निघायचा तोंडातनंच. आमच्या बाबांना कुणी विचारलं पेव केवढं आहे, तर ते आधी तोंड केवढं ते सांगायचे."

दुकानदार लिटर सांगत होता, आम्ही लिटर ऐकत होतो. त्या वाक्यानंतर सूनबाईंनी लिटर विचारायचं सोडलं.

चार प्रकार, आमच्या घराच्या नजरेने

एका दाराचा फ्रिज पाच माणसांना पुरणार नव्हता, म्हणून तो लगेच बाजूला ठेवला. तरी त्याची एक गोष्ट सांगते. त्याला रबर सगळ्यात कमी. दाराच्या कडेने फिरणारं चुंबकाचं रबर हीच फ्रिजची खरी सीमा. थंडी तिथूनच निसटते आणि बिघाडही तिथूनच सुरू होतो. मी मापांवरून हिशेब केला: एका दाराच्या लहान फ्रिजला साधारण ११ फूट रबर, २४ इंची दोन दारांच्या फ्रिजला १९ फूट, आणि साइड बाय साइडला २८ फुटांच्या वर. एवढं रबर पुसायचं, त्याच्या घड्यांतली बुरशी काढायची आणि दहा वर्षांत कधीतरी बदलायचं. रबर धरतंय का हे बघायला एक साधी युक्ती आहे. दारात कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज सुटला तर तिथे फट आहे. जुन्या फ्रिजच्या वाकलेल्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात कागद नुसता पडत होता.

फ्रीझर वर असलेला नेहमीचा फ्रिज स्वस्त, टिकाऊ, दुरुस्तीला सोपा. गुडघे धड असलेल्या घरात मी अजूनही तोच सांगते.

फ्रेंच डोअर, म्हणजे वर दोन दारं आणि खाली फ्रीझर. आतून हा सगळ्यात उदार, वरच्या भागात मधली भिंत नाही, परात काय, पाटसुद्धा आडवा जाईल. त्याच्या दोन दारांमध्ये खांब नसतो. एका दाराला एक उभी दुमडती पट्टी असते, दार लावताना ती वळून फट झाकते. त्या पट्टीवर दव धरू नये म्हणून तिच्यात बारीकसा हीटर असतो. पट्टी नीट दुमडलेली नसताना दार ढकललं तर ती शेजारच्या दारावर आपटते. लहान मूल असलेल्या घरात हे लक्षात ठेवायला हवं. इथे तो किमतीवर अडला, आणि रुंदीवरही.

राहिला फ्रीझर खाली असलेला. २४ इंच रुंद, साडेपाच फूट उंच, वर मोठं दार, खाली लहान. यात भाजीचा ट्रे जमिनीपासून अडीच फुटांवर येतो. आजींच्या कमरेपाशी. दुधाचं पातेलं छातीच्या जरा खाली. सगळ्यात वरचा कप्पा मात्र आजींच्या डोळ्यांच्या बरोबरीला जातो, तिथलं मागचं त्यांना दिसत नाही. तिथे सूनबाईंनी सॉस, जॅम आणि औषधं ठेवायचं ठरवलं.

खालच्या फ्रीझरला वाकावं लागतं. पण तीन-चारदा, आणि ते वाकणं मुलग्याने आणि नातीने वाटून घेतलं. खालच्या फ्रीझरमध्ये प्लास्टिकचे खोल ड्रॉवर असतात, त्याचा एक फायदा सहसा कुणी सांगत नाही. थंड हवा जड असते. उभ्या कप्प्याचं दार उघडलं की ती पायांवर सांडते, ते आपल्याला जाणवतं. ड्रॉवरला भिंती असल्याने त्यातली बरीचशी आतच राहते. पुराच्या दिवसांत वीज बंद ठेवतात तेव्हा हे फार उपयोगी पडतं. दार न उघडता गच्च भरलेला फ्रीझर साधारण ४८ तास गारठा धरतो, अर्धा भरलेला २४ तास. वरचा फ्रिज मात्र चारेक तासच. मुलग्याला हे लगेच पटलं. बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये त्याचं येणं-जाणं आहे. तिथे दारावर प्लास्टिकच्या जाड पट्ट्यांचा पडदा असतो आणि दार उघडं टाकणाऱ्याला सगळे ओरडतात.

खोक्याची तालीम

तरी मी लगेच घ्या म्हटलं नाही. दुकानातून फ्रिजचं रिकामं खोकं मागून आणलं आणि ते वरच्या खोलीत ३४ इंचांच्या जागेत उभं केलं. ओट्याचा कडप्पा बसला होता, ग्रॅनाइट यायचा होता. खोकं २४ इंची रुंदीला कापून बांधलं. मग सुतारांनी कटरने पुठ्ठ्यात दोन दारं कापली, वरचं मोठं, खालचं लहान, उजवीकडची कड तशीच ठेवून; म्हणजे बिजागरी उजवीकडे, उघडायची बाजू डावीकडे, ओट्याकडे. आत पुठ्ठ्याचे कप्पे सेलोटेपने लावले. कप्पे वजन पेलणार नव्हते, म्हणून रिकामं पातेलं.

आजींनी डाव्या हाताने पुठ्ठ्याचं दार उघडलं. दार उजवीकडे भिंतीकडे गेलं. त्यांनी दोन्ही हातांनी पातेलं काढलं आणि जागेवरच डावीकडे वळून कडप्प्यावर ठेवलं. पाऊल उचललं नाही. दुखऱ्या गुडघ्यावर भार न देता नुसती कंबर वळली. मग त्यांनी आपण होऊन तेच उलट केलं, पातेलं परत आत ठेवलं आणि कोपराने दार लोटलं.

मी सुतारांना सांगून खोक्याची दुसरी बाजू फिरवली, बिजागरी डावीकडे. आता दार उघडलं की ते आजींच्या आणि ओट्याच्या मध्ये. त्यांना पातेलं घेऊन दाराला वळसा घालावा लागला, तीन पावलं. दुसऱ्या पावलाला त्यांनी मांडणीचा आधार घेतला. सूनबाई दारातून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "सकाळी दूध भरलेलं असतं त्याच्यात."

काही फ्रिजची दारं दोन्ही बाजूंनी लावता येतात, मेकॅनिक बिजागरी काढून दुसरीकडे बसवतो. सगळ्यांची नाही. दारावर बटणं किंवा पाण्याचा नळ असेल तर सहसा नाहीच, कारण वायर आणि नळी बिजागरीतून गेलेली असते. आपल्याकडे मिळणारे बहुतेक फ्रिज उजव्या बिजागरीचे. म्हणून ओटा फ्रिजच्या डावीकडे येईल अशी आखणी आधीच केली, तर पुढचा सगळा खटाटोप वाचतो. या घरात मी नशिबाने तशी केली होती. ज्यांचा ओटा फ्रिजच्या उजवीकडे आहे, त्यांनी खरेदीआधी "दार फिरवता येतं का" एवढं विचारावंच.

आता भिंतीचा प्रश्न. ३४ इंचांत २४ इंची फ्रिज, दहा इंच शिल्लक. ओट्याच्या बाजूला दोन इंच हवेसाठी सोडले, भिंतीच्या बाजूला आठ. आठ इंचांमुळे दार काटकोनाच्या पुढे आणखी वीसेक अंश जातं आणि ट्रे पूर्ण बाहेर येतो. ती जागा वाया जाते म्हणून मुलगा हळहळला, तेव्हा त्यात भिंतीला लागून पाच इंचांची उभी मांडणी केली, फ्रिजच्या पुढच्या रेषेपासून तीन इंच आत. तिच्यात तेलाच्या बाटल्या आणि पापडांचे डबे. फ्रिजला बाजूने तीन इंच हवा उरली, मागे चार इंच सोडले आहेत.

कुलपाची गोष्ट

आजींना कुलूप का हवं होतं, हे समजायला वेळ लागला. भारतात गोदरेजने पहिला देशी फ्रिज १९५८ साली काढला. आजींच्या सासरी फ्रिज आला तो त्यानंतर वीसेक वर्षांनी, आणि त्याला किल्ली होती. किल्ली सासूबाईंच्या कमरेला. पुढे ती आजींकडे आली. आपल्याकडे एका दाराच्या फ्रिजना अजूनही कुलूप येतं. पुरात गेलेल्या पहिल्या फ्रिजलाही होतं. आजींना कुणावर अविश्वास नव्हता. किल्ली हातात असणं म्हणजे घर हातात असणं, एवढंच.

पण त्या बोलण्यातून मला एक गोष्ट कळली आणि माझ्या पोटात गोळा आला. २०१९चा तो बुडालेला फ्रिज परसात तसाच उभा होता. दारासकट, कुलपासकट. त्यात जुनी भांडी ठेवली होती. आणि घरात चार वर्षांचा मुलगा.

फार पूर्वी फ्रिजच्या दारांना बाहेरून खटका असे. टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये लपायला गेलेली मुलं आतून दार उघडता न आल्याने गुदमरून गेली. अमेरिकेत अशा मृत्यूंमुळे १९५६ साली कायदाच झाला की दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. खटके जाऊन चुंबकाची रबरं रुळली त्यात या कायद्याचा हात आहे. पण कुलूप असलेलं जुनं दार म्हणजे पुन्हा तोच खटका. मी त्याच दुपारी सुतारांकडून त्या फ्रिजचं दार काढून घेतलं. ज्यांच्या परसात, गच्चीवर, शेतघरात पुरातला जुना फ्रिज धान्याला किंवा भांड्यांना वापरात आहे, त्यांनी हे वाचून उठावं आणि आजच दार काढावं. चार स्क्रू असतात.

आवडलेल्या फ्रिजला कुलूप नव्हतं. आजींनी ते मान्य केलं, पण नाराजीने.

आणल्यावर

फ्रिज आला तो जुलैच्या आधी. जिना ३२ इंच रुंद, मध्ये एक वळण. दारं काढून, पट्टा लावून तीन हमालांनी तो वर नेला. शंभर किलोंच्या पुढचा साइड बाय साइड त्या वळणावर कसा फिरवला असता, हे मुलग्याने त्यांना विचारलं. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या हमालांनी नुसती मान हलवली. उभा करून काही तास तसाच ठेवला, मग वीज जोडली. पुढचे पाय किंचित वर घेतले, म्हणजे दार अर्ध्यात सोडलं तरी आपल्या वजनाने लागतं.

गणपतीत मी पुन्हा गेले. दुधाचं पातेलं, भाजीचा ट्रे, मोकळा ग्रॅनाइट, सगळं तालमीत झालं तसंच चाललं होतं. आजी गवारीचा ट्रे पूर्ण बाहेर ओढून, उभ्यानेच ओट्यावर ठेवून शेंगा मोडत होत्या. खुर्ची गच्चीत गेली होती. सूनबाईंनी मला मोकळेपणाने सांगितलं की बहिणीकडे गेलं की त्यांना तो मोठा फ्रिज अजून आवडतो. इथे तो नको होता हे कळतं, पण आवडतो. मला ते पटलं.

एक गोष्ट मात्र आमच्या कुणाच्याच लक्षात आली नव्हती. फ्रीझर खाली आला, म्हणजे तो चार वर्षांच्या नातवाच्या छातीच्या उंचीवर आला. शेंगदाण्यांच्या वहीत त्याचं नाव कुठेच नव्हतं, कारण जुन्या फ्रीझरपर्यंत त्याचा हात पोचत नव्हता. आता तो दिवसातून किती वेळा उघडतो याचा हिशेब नव्हता. एकदा दार अर्धवट लागून रात्रभर तसंच राहिलं, सकाळी फरशीवर पाणी आणि मटारांचा लगदा. दार उघडं राहिल्याची सूचना देणारी घंटी त्या फ्रिजला आहे, पण ती फक्त वरच्या दाराला.

मी बॅगेतून मुलांच्या कपाटांना लावतात ती चिकटणारी पट्टी काढली. एक टोक दारावर, एक फ्रिजच्या बाजूला, मध्ये दोन बोटांनी दाबायचं बटण. नातवाने लगेच करून पाहिलं, त्याला जमलं नाही. आजींनी हात पुसले, पुढे आल्या, बटण दाबलं, दार उघडलं, लावलं, पुन्हा दाबून पाहिलं.

"पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, "कुलूप पाहिजे म्हणून."